नातवाचे पेढे

माझी नात सकाळी दारात बूट चढवताना म्हणायची, "आजोबा, मी जातो." संध्याकाळी परत आली की, "आजोबा, मी आलो." एकवीस वर्षांची पोर, कानात डूल, पाठीवर केस, आणि मी आलो. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, आले म्हण, आले!" त्यावर ती हसून जर्मनमध्ये काहीतरी उत्तर द्यायची. घरी येणारे मराठी लोकही हसायचे. मी त्यांना सांगायचो, "इथं वाढलेली पोर. चालायचंच."

ते खोटं होतं. ती जर्मनीत वाढली म्हणून तशी बोलत नव्हती. तिला ते मी शिकवलं होतं, टेलिफोनवरून, वर्षानुवर्षं, आणि का शिकवलं ते या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहायचं म्हटल्यावर मुलगा म्हणाला, अण्णा तुम्ही नुसतं बोला, मोबाईल आपोआप लिहून घेतो. मी नको म्हणालो. ज्या तोंडाने खोटं बोललो त्या तोंडावर माझा आता भरवसा नाही. हाताने लिहितोय. अक्षर वाईट आहे, पण हाताने आजवर कुणाला फसवलेलं नाही.

येवल्याला आमचं रंगाचं काम. पैठणी विणणाऱ्यांना रेशीम रंगवून द्यायचं. बापाने केलं, मी केलं. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत तांब्याचे हंडे, खाली जाळ. रेशमाच्या लडी हंड्यात सोडायच्या, काठीवर फिरवत राहायच्या. रंग सारखा बसला की नाही ते ओलं असताना कळत नाही, सुकल्यावर कळतं. माझ्या हातच्या जांभळ्यासारखा जांभळा आख्ख्या तालुक्यात कुणाला जमला नाही. हे मी आजही म्हणेन. शरम वाटते म्हणून खरी गोष्ट खोटी होत नाही.

आम्ही तिघे भाऊ. माझ्या दोघा धाकट्यांना मिळून पाच मुलगे, पुढे त्यांनाही मुलगे. मला एकच मुलगा. तो शिकला, इंजिनिअर झाला, इकडे झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात लागला. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलेना. भावकीत कुणीतरी बोललं, "मोठ्या रंगाऱ्याच्या हंड्याखालचा जाळ विझला वाटतं." कोण बोललं ते मला कळलं नाही, पण बोललं गेलं ते कळलं. असला शब्द माणूस विसरत नाही. निदान मी तरी नाही.

मग एक दिवस फोन आला. तेव्हा फोन शेडमध्येच होता, भिंतीला लावलेला. दोघे भाऊ होते, रेशीम न्यायला आलेले चार विणकर होते. मुलगा पलीकडून म्हणाला, "अण्णा, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." मी "वा, वा" म्हणालो आणि फोन ठेवला. सहाजण माझ्या तोंडाकडे बघत होते. मधल्या भावाने विचारलं, "काय मग दादा? पेढे का जिलेबी?"

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की जिलेबी. हे ज्याला माहीत नाही असा मराठी माणूस नसेल. त्याने विचारलं ते साधंच होतं. मला मात्र त्याच्या मागून तो जाळ विझल्याचा शब्द ऐकू आला.

मी म्हणालो, "पेढे."

ठरवून नाही म्हणालो. तोंडातून गेलं. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हलवायाकडून पाच किलो पेढे आणले ते ठरवूनच आणले. ज्याच्या त्याच्या तळहातावर मी स्वतः ठेवले. घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "वाटताय ते वाटा. पण पोरीला एक दिवस तोंड दाखवायचंय. ते कुठलं दाखवाल?"

मी म्हणालो, "बघू." मला वाटलं होतं, वर्षभरात दुसरं मूल होईल, मुलगा होईल, मग पहिलं काय अन् दुसरं काय, कोण मोजतंय. पण सूनबाईला डॉक्टरांनी दुसरं नको म्हणून सांगितलं. माझी पंचाईत झाली.

त्या पंचाइतीतून तिची मराठी जन्माला आली. दर रविवारी मुलगा फोन करायचा आणि पोरीच्या कानाला लावायचा. रविवारी शेडमध्ये गप्पांना माणसं असायची. मग मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचो, "काय रे राजा! जेवलास का? शाळेत गेला होतास का? आज्जीची आठवण काढतोस का?" पलीकडून ती जे ऐकायची तेच बोलायची, "जेवलो आजोबा. गेलो होतो." आईबाप तिच्याशी नीट बोलायचे, पण त्यांना ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. मराठी ती फक्त माझ्याशी बोलायची. रविवारची मराठी. म्हणून तिच्याजवळ मराठी होती ती तेवढीच, माझी.

मुलाने एकदा विचारलं, "अण्णा, तुम्ही तिला मुलासारखं का बोलता?" मी म्हणालो, "लाडाने." लाडाने बोलतातच की आपल्याकडे पोरींना तसं. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर तिचा फुटबॉलच्या कपड्यांतला फोटो आला, केस बारीक कापलेले, गुडघ्याला चिखल. तो मी शेडमध्ये कॅलेंडरशेजारी लावला. कुणी विचारलं तर म्हणायचो, "आमचा जर्मनवाला." दोनदा ते सगळे भारतात आले. मी त्यांना येवल्याला येऊच दिलं नाही. इथं गरम होतं, पाण्याचा त्रास आहे, पोर आजारी पडेल, असं सांगून आम्ही दोघंच पुण्याला सूनबाईच्या माहेरी जाऊन भेटून आलो. बायको जाताना-येताना गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

पाच वर्षांपूर्वी बायको गेली. मुलाचा फोन आला, "आम्ही तिघंही निघतो. ही फार रडतेय, तिला यायचंच आहे." नात सोळा वर्षांची होती. मी म्हणालो, "तिला आणू नकोस. शाळा बुडेल. परीक्षा आहे ना तिची?" मुलगा म्हणाला, "परीक्षेला अजून दोन महिने आहेत, अण्णा." मी म्हणालो, "मी सांगतोय ना!" घरात माझा शब्द मोडायची पद्धत नाही. पोराने माझ्याच हट्टाचं रक्त घेतलंय, पण त्या दिवशी त्याने हट्ट केला नाही. तो एकटा आला. सूनबाई पोरीजवळ राहिली.

बायकोची तिरडी बांधत होते आणि मी मनात सुटलो म्हणत होतो. गावापुढे पोर आली नाही, म्हणून सुटलो. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

त्यानंतर मुलाने मला इकडे आणलं. इथं मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली उतरून बाकावर बसतो, कचरा चार डब्यांत वेगळा करायला शिकलोय. येवला लांब राहिलं. मला वाटलं, गोष्ट संपली.

नात इथून जवळच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत जाते. मला वाटलं होतं बापासारखी मोटारी करेल. तर ती शिकते जुन्या पूर्वेकडच्या रोमन लोकांचा दरबार. म्हणजे आजच्या इस्तंबूलला ज्यांची गादी होती ते. आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी चहा घेत ती मला सांगायची. मला गोष्टी आवडतात आणि तिला ऐकणारा लागतो. तिचा बाप ऐकताना मोबाईल बघतो.

"आजोबा, तिकडे राजवाड्यात एक जांभळी खोली होती. भिंती जांभळ्या दगडाच्या. राणी बाळंतपणाला तिथेच जायची. त्या खोलीत जन्मला तो खरा वारस. त्याला म्हणायचेच, जांभळ्यात जन्मलेला."

मी म्हणालो, "मग आमचं सगळं घराणंच जांभळ्यात जन्मलेलं. माझ्या बापाचे हात कोपरापर्यंत जांभळे असायचे. मला पहिल्यांदा उचललं ते त्याच हातांनी."

ती इतकी हसली की चहा सांडला. ते वाक्य तिने वहीत लिहून घेतलं.

दरबारातल्या खोज्यांचंही, म्हणजे खच्ची केलेल्या पुरुषांचंही, सांगायची. आपल्याकडे जनानखान्यावर खोजे असायचे हे मी ऐकून होतो. तिकडे म्हणे तेच राजाच्या शेजघराचे कारभारी, तेच खजिनदार, कधीकधी सेनापतीसुद्धा. फक्त गादीवर बसायचं नाही. "त्या लोकांना प्रश्न पडायचा, यांना पुरुष म्हणायचं की बाई की तिसरंच काही."

"त्यात प्रश्न कसला?" मी म्हणालो. "मराठीत तीन आहेतच. तो, ती, ते."

"ते कुणाला?"

"ते मूल. ते लेकरू."

"म्हणजे मी जन्मलो तेव्हा मी 'ते' होतो!"

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर, याला इथं तसं म्हणतात. माझं जर्मन तेवढंच.

तिचा सगळा जीव एका राणीवर होता. हजारेक वर्षांपूर्वी इकडच्या बादशहाने आपल्या मुलासाठी तिकडची राजकन्या मागितली. मागितली होती जांभळ्यात जन्मलेली. आली ती सम्राटाच्या नात्यातली दुसरीच. दरबारातले काही म्हणाले, ही आपण मागितलेली नाही, परत धाडा. बादशहाने ऐकलं नाही, ठेवून घेतली. लग्नाचा लेख जांभळ्या कातड्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेला होता, तो अजून आहे. नातीने लॅपटॉपवर दाखवला. मी चष्मा लावून बघितला आणि म्हणालो, "हा अस्सल एका रंगाचा जांभळा नाही. तांबड्यावर निळा चढवलाय." ती उडालीच. तिच्या प्राध्यापिकेनेही तसलंच काही सांगितलं होतं म्हणे. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढे त्या राणीचा नवरा लवकर गेला. मुलगा तीन वर्षांचा. त्याच्या नावाने राज्य तिनेच चालवलं. आणि इटलीतल्या एका कागदावर तिचं नाव पुरुषाचं करून लिहिलंय. सम्राज्ञी नाही, सम्राट.

"लिहिणाऱ्याची चूक असेल," मी म्हणालो.

"काही लोक तसंच म्हणतात. पण मला वाटतं तिनेच सांगितलं असणार, असं लिहा म्हणून. तिकडे तिच्या आधीही एक होऊन गेली. नाण्यांवर सम्राज्ञी, पण काही कायद्यांवर सम्राट."

"तिचं काय झालं?"

"तिने आधी पोटच्या मुलाचे डोळे काढवले. गादीसाठी. ज्या जांभळ्या खोलीत त्याला जन्म दिला होता तिथेच."

मी म्हणालो, "गादी वाईटच," आणि बिस्कीट चहात बुडवलं. माझ्या मनात तेव्हा काहीही आलं नाही. खरंच सांगतो, नाही आलं.

मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळाचा महिलादिनाचा कार्यक्रम होता. त्यांना इथं वाढलेली मुलगी मराठीत बोलायला हवी होती. नातीने या राणीवर बोलायचं ठरवलं. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि टेबलाशी मला वाचून दाखवायची. मी शब्द द्यायचो. राजघराणं, वारस, जनानखाना, फर्मान. पंधरा दिवस मी मास्तर होतो. चौथी पास मास्तर.

एकदा तिने मध्येच विचारलं, "आजोबा, आई म्हणते मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी. माझ्या वेळी तुम्ही काय वाटलं?"

खरं बोलायला याहून सोपी जागा मला कुणी दिली नसती. सूनबाई बाहेर गेलेली, घरात आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "पेढे. पाच किलो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलगी असून?"

"हो मग."

"त्या काळात? येवल्यात?"

"मी कुणाला भीत नाही," मी म्हणालो. आणि लिहिताना हात थांबतोय, पण खरं ते खरं, त्या घडीला मला स्वतःचा अभिमान वाटला. जणू मी खरोखरच मुलीचे पेढे वाटले होते.

तिने ते भाषणाच्या शेवटी घातलं. रोज वाचून दाखवायची. रोज मी ऐकायचो. काढून टाक, असं एकदाही म्हणालो नाही. तिची क्रियापदंही मी बदलली नाहीत. तिने विचारलं होतं, "लोक हसतील का?" मी म्हणालो, "हसू देत. तुझी राणी नाही का पुरुषासारखं लिहायची." ती खूश झाली.

कार्यक्रम गावाच्या सार्वजनिक हॉलमध्ये होता. खुर्च्या मांडलेल्या, मागे मसालेभाताची पातेली, दाराशी हॉलचा जर्मन रखवालदार घड्याळ बघत उभा, कारण पाचला हॉल रिकामा करून द्यायचा होता. माझ्या अंगावर लग्नातला कोट. मी पहिल्या रांगेत.

ती छान बोलली. "मी कोलोनला गेलो, तिच्या समाधीपुढे उभा राहिलो," असं म्हणाली तेव्हा लोक हसले. तिने हात वर केला. "हसा. मी असाच बोलतो. माझ्या आजोबांनी शिकवलंय." मग राणीची गोष्ट सांगितली, ते पुरुषाच्या रूपातलं नाव सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "हजार वर्षांपूर्वी काही लोक म्हणाले, आम्ही मागितलेली ही नव्हे, परत पाठवा. मी जन्मलो तेव्हाही घरात दुसऱ्याचीच वाट बघत असतील. पण माझ्या आजोबांनी माझे पेढे वाटले. पाच किलो. मी त्यांच्यासाठी जांभळ्यात जन्मलेलो आहे."

टाळ्या पडल्या. बायका उभ्या राहिल्या. मी उठून, मागे वळून, हात जोडले.

जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय रंगारी! ओळखलं का?" वळून बघतो तर आमच्या कोपऱ्यावरचा हलवाई. केस पांढरे, बाकी तसाच, तेच पोट. त्याचा मुलगा याच कारखान्यात लागलाय, हा तीन महिन्यांसाठी आलेला. मला ठाऊकच नव्हतं.

"पोरगी झकास बोलली हो," तो म्हणाला. "पाच किलो पेढे! माझ्याच दुकानातले. मी स्वतः तोलून दिले होते." मग भाताचा घास घेत, डोळे बारीक करून म्हणाला, "पण ते नातवाचे होते ना? नातू कुठाय?"

नात माझ्या शेजारीच येऊन उभी राहिली होती. दोन हातांत दोन चहाचे पेले, एक माझा.

मी म्हणालो, "तो थोरला. ड्युसेलडॉर्फला असतो, नोकरीला. ही धाकटी."

ठेच लागल्यावर हात जसा आपोआप पुढे येतो तसं ते आलं. एकवीस वर्षांची सवय होती. हलवायाने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. तिने चहाचा पेला माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता ही बोलणार, इतक्या लोकांत. ती त्याला म्हणाली, "हो काका. दादा ड्युसेलडॉर्फला असतो."

मला वाचवायला तिने स्वतःला धाकटी करून घेतलं.

मुलगा-सून खुर्च्या आवरायला थांबले. आम्ही दोघं ट्रेनने निघालो. ती समोर बसली. दोन स्टेशनं गेली. मी म्हणालो, "थंडी वाजते का?" तिने मान हलवली. मग खिडकीकडे बघत, हळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आज्जीच्या वेळी परीक्षा नव्हती. परीक्षा नंतर होती." थोड्या वेळाने, "म्हणून?"

मी कोटाची बटणं लावत बसलो. उत्तर होतं, तरी दिलं नाही. आमचं स्टेशन आलं तेव्हा तिने मला हात धरून उतरवलं, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात म्हणाली, "गूटेन मॉर्गेन, ओपा." ओपा म्हणजे आजोबा. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी जर्मनमध्येच. रागाने नाही, अगदी नीट, दुकानात बोलतात तसं. मला कळायचं नाही आणि मला कळत नाही हे तिला माहीत होतं. सूनबाईने विचारलं, "अहो अण्णा, तुमचं काही बिनसलंय का?" मी म्हणालो, "काही नाही. जर्मन सुधारतोय." टेबलाशी चहा घ्यायला ती येत नव्हती. माझा एकट्याचा कप असायचा. ते खोज्यांचं, राण्यांचं बोलणं गेलं तसं दिवसाला करायला काही उरलं नाही. मग सुचायला लागलं. त्या दुसऱ्या राणीने गादीसाठी पोटच्याचे डोळे काढवले. माझी गादी म्हणजे पत्र्याची शेड, आणि तिच्यासाठी मी या पोरीला तिच्या आज्जीचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही.

पुढचा रविवार आला. सगळे घरात होते. मी मुलाला म्हणालो, "काकाला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा." नातीला म्हणालो, "बैस." ती उभीच राहिली, फ्रिजला टेकून.

मधला भाऊ फोनवर आला. "काय दादा, थंडी काय म्हणते?"

मी म्हणालो, "ऐक. मला नातू नाही. नात आहे. एकच. मी पेढे वाटले ते खोटे वाटले."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मग भाऊ हसला. वाईट नाही हसला, पण हसला.

"अरे दादा, आख्ख्या गल्लीला माहीत होतं! तू पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी वहिनीने जिलेबी वाटली. मागच्या दाराने, घरोघर, बायकाबायकांत. त्याच हलवायाकडून आणली. वहिनी म्हणाली, त्यांना काही बोलू नका, पण माझ्या नातीची जिलेबी कुणी खाल्ली नाही असं व्हायला नको."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला कोण बोलणार?" भाऊ म्हणाला. "तू फोनवर 'काय रे राजा' करायला लागलास की आम्ही चहा प्यायला बाहेर जायचो. हसू आवरायचं नाही."

म्हणजे हलवायालाही माहीत होतं. नातू कुठाय, हे त्याने माहीत असून विचारलं होतं. चेष्टा म्हणून विचारलं की मला खरं बोलायची संधी म्हणून, देव जाणे. मी दोन्हीला उतरलो नाही.

फोन बंद झाला. मुलगा काहीतरी बोलायला गेला, सूनबाईने त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं. नात पुढे आली. आठवड्यात पहिल्यांदा मराठी बोलली.

"आज्जीने माझी जिलेबी वाटली?"

"हो."

"सगळ्यांना माहीत होतं."

"हो."

"मग मी आलो असतो तर काहीच झालं नसतं."

"काही झालं नसतं," मी म्हणालो.

ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठलो आणि ठेवला नाही, कुठल्या तोंडाने ठेवणार. म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी बापाला म्हणालो नव्हतो, बायकोला म्हणालो नव्हतो. तिने मान हलवली, ती ऐकलं म्हणून. माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही.

त्या आठवड्यात एका सकाळी ती दारात बूट चढवताना म्हणाली, "आजोबा, मी जाते."

सूनबाई आतून ओरडली, "बघा! शिकली शेवटी!" तिला आनंद झाला. मी बाकावर जाऊन बसलो. तिच्या त्या राणीचं नाव कुणी बदललं, तिने की लिहिणाऱ्याने, यावर लोक अजून भांडतात. माझ्या नातीचं काय ते मला माहीत आहे. लिहिणारा मी होतो.

आता तिची मराठी नीट आहे. माझीच नाही. काल संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आलास का रे रा..." मी थांबलो. ती उंबऱ्यात उभी, एक बूट पायात, एक हातात. आत आली नाही. वाट बघत राहिली.

"आलीस का?" मी म्हणालो.

"आले," ती म्हणाली, आणि दुसरा बूट काढला.